मसाई पठारावर, एक मुक्काम

सहा खुंट्या हव्या होत्या, पिशवीत निघाल्या पाच.
सहाव्या दोरीला दगड बांधत सुजय म्हणाला,
"आता हत्ती बांध, हलायचा नाही."
वारा ऐकत होता.

भडंग संपलं. स्टोव्ह पेटेना.
पृथाचं एकच, तंबूला आतून कडी आहे का.
शंभूच्या हातून टॉर्च सुटत नव्हती:
गवतावर, माझ्या तोंडावर, परत गवतावर,
काहीतरी हरवल्यासारखी.

अकराला त्यानं भोकाड पसरलं.
"घरी चल. हितला अंधार लई मोठ्ठा हाय."
हे बोलणं शेजारच्या आक्कांचं,
आणि खोटं नव्हतं.

मग चौघं गाडीत, सीट पाडून,
काचांवर आमचीच वाफ.
पृथानं बोटानं गोल पुसून
पन्हाळ्याचे दिवे मोजले, सतरा, मग परत नऊ.
मध्यरात्री कुणाचा तरी पाय हॉर्नवर पडला
आणि सगळं पठार दचकलं.

सकाळी तंबूची चेन अर्धी उघडी.
आत धनगरवाड्याचं कुत्रं,
सुजयच्या उशीवर हनुवटी टेकून.
"झोपू दे की," शंभू कुजबुजला,
"रात्रभर त्यानं राखण केलीया."

आम्ही चपला हातात घेऊन लांब सरकलो.
स्टोव्ह पहिल्याच काडीला पेटला.