गोडचं

गावाचं नाव बरका.
फोनवर सांगितलं की अहमदपूरचा मामा म्हणतो,
'बरं का, ते कळलं, पण गाव कुठलं?'

इथं मी समुद्रातलं मीठ काढतो.
आठ तासांची पाळी, समोर आकडे,
भिंतीपलीकडे नळकांड्यांत पापुद्र्यांच्या गुंडाळ्या.
पाणी त्यांतून रेटायचं, मीठ अलीकडे राहतं.
गोडं पाणी ओमानच्या नळांना,
उरलेलं खारट समुद्राचं समुद्राला.

घरी आलो तर शलाका स्टुलावर उभी,
काकड्यांची बरणी सिंकमध्ये तिरकी धरून.
सिरियन दुकानातली, नऊशे बैशांची,
व्हिनेगर नि मिठात बुडालेली बोटाएवढी काकडी.
'अर्धंच ओतायचं बाबा, सगळं नाही.'
म्हटलं, आमच्या प्लांटमध्येही असंच आहे.
तिनं ऐकलं नाही, ती मोजत होती.

साखर दोन वाट्या आणि वर एक चिमूट,
चिमूट तिच्या मुठीची.
मग स्ट्रॉबेरी सरबताची पूड,
जिचा रंग कुठल्याच स्ट्रॉबेरीनं पाहिलेला नाही.
शेजारच्या खुलूदनं आणलं होतं
वाळवलेलं काळं लिंबू, खुळखुळणारं.
ते टाकायचं की नाही यावरून
थोडं अरबीत, थोडं इंग्रजीत,
शेवटी कोपरानं भांडण झालं.
टाकलं.

'ओला हात नको!' मी ओरडलो, सवयीनं.
आमच्याकडे मे महिन्यात
बरणीच्या खोलीत ओल्या पायानंही जायचं नाही.
ओले होणार कशानं म्हणा,
टँकर यायचा तिसऱ्या दिवशी.
शलाकानं नळाखालचा हात तसाच बरणीत घातला,
ढवळला,
मनगटापर्यंत गुलाबी करून बाहेर काढला
आणि मला दाखवला.

आता सात दिवस थांबायचं.
फ्रीजमध्ये, लबनच्या बाटलीशेजारी.
दार उघडलं की आतला दिवा लागायच्या आधी
हिची नजर पोचलेली.
हेमांगी रात्रपाळी करून आली,
नर्सचे बूटही काढले नव्हते,
बरणी उजेडाकडे धरून म्हणाली,
'हे कुणाचं सॅम्पल?'

तिसऱ्या दिवशी नावाचा प्रश्न निघाला.
मी म्हणालो, लोणचं कसं म्हणता येईल?
लोण म्हणजे मीठ. तेच तर तू ओतून दिलंस.
'मग गोडचं,' शलाका म्हणाली.
इतक्या वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं.
खुलूदच्या तोंडात ते 'गोदशा' झालं,
आणि चिठ्ठीवर तेच लागलं, अरबीत, उजवीकडून.

सात दिवस काही झाले नाहीत.
पाचव्या दुपारी दोघी झाकणाशी झटताना सापडल्या,
एक बरणीला मिठी मारून, एक फडकं घेऊन.
झाकण मीच उघडलं. गुन्ह्यात सामील.

सुरीनं चकत्या केल्या.
कडेला लाल, आत फिकट गुलाबी,
आणि मधोमध, बियांपाशी,
काकडी अजून काकडीच होती.
आधी साखर लागली. मग आंबट. लिंबाचा धूर.
आणि गिळून झाल्यावर,
सगळे बोलायला लागल्यावर,
मागून उशिरानं मीठ आलं.

खुलूदनं डोळे मिटले, एकच डोळा उघडला,
दुसरी चकती घेतली.
शलाका म्हणाली, 'खारट राहिलं थोडं.'
राहतंच, म्हटलं.
माझ्या पडद्यावर तो आकडा शून्य झालेला
अकरा वर्षांत मी पाहिला नाही.
झालाच तर आम्ही यंत्र बिघडलं म्हणून फोन करतो.

रात्री डब्यात सहा चकत्या नेल्या.
सालिमनं आधी वास घेतला,
मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग खाल्ली.
चार त्यानंच संपवल्या, रस प्यायला,
आणि जीभ बाहेर काढून
बंद मॉनिटरच्या काळ्या काचेत बघत बसला.
तीनच्या नोंदी त्यानंच भरल्या.

सकाळच्या पाळीचे साहेब विचारतायत,
एंटरच्या बटणावर
हा गुलाबी अंगठा कुणाचा.