खारं पाणी

सहा दिवस मी लोकांचे दात रंगवते.
पांढऱ्याच्या सोळा छटा, पट्टीवर ओळीनं, प्रत्येकीला नंबर.
चहाचा पांढरा, सिगारेटचा पांढरा,
आणि लग्न ठरलेल्या मुलींना हवा असतो तो,
जो कुणाच्याच तोंडात नसतो.

सातव्या दिवशी, जानेवारीत,
उजाडायच्या आधी अर-रम्सच्या खाडीवर.
गाडीच्या टपावर दव, बोटानं नाव लिहावं इतकं.
घडीचं स्टूल, पाटी, चिमटे,
आईची शाल, अजून डांबरगोळीचा वास धरून असलेली.
घरी सांगितलं तर हसतात : आखातात कसली आलीय थंडी?
असते. बोटांच्या पेरांत असते,
आणि कागदात.
जूनमध्ये ब्रश उचलायच्या आत वाळणारा रंग
आता तासभर ओला राहतो,
मन बदलायला वेळ देतो.

धुकं.
तिवरं कमरेपासून वर नाहीत.
मागचा डोंगर तर उगवलाच नाही.
सोळातली एकही छटा जुळेना,
आणि पाण्याची बाटली राहिली घरी, ओट्यावर.

होडी बांधत असलेला उबैद हसला नाही.
माझा डबा घेतला, खाडीत बुडवला, पुढ्यात ठेवला.
"पानी तो पानी."
मग बराच वेळ पाठीमागे उभा.
जाळ्याचा वास, वेलदोड्याच्या कॉफीचा वास.
"जबल किधर?"
दिसत नाही ना, म्हटलं.
"नहीं दिखता," त्यानं मान्य केलं, "मगर है."
आणि ओलं बोट ठेवलं कागदावर,
डावीकडे, वर.

मी ओरडणारच होते.
पण करडा रंग त्या बोटाच्या कडेनं सरकला,
रेंगाळला,
थांबला तेव्हा डोंगर होता.

नऊला धुकं उठलं.
खरा डोंगर बराच उजवीकडे निघाला.
उबैदला बोलले नाही.

वाळल्यावर आभाळात मिठाचे कण चमकले.
चित्र गेलं कराडला, कुमुदकडे,
एका ओळखीच्याच्या बॅगेत, खजुरांच्या डब्याखाली.

श्रावणात तिचा फोन :
अगं, भिंत कोरडी आहे, हात लावून पाहिला.
शेजारचं कॅलेंडरही कोरडं.
तुझं चित्र तेवढं ओलं.
काच आतून धुरकटलीय,
झाडं पायापर्यंत गेली,
डोंगर तर दिसतच नाही.

आहे गं, म्हटलं.
पंख्याखाली ठेव तासभर.