अंतरा

उणे सत्तावीस. गाडीचं दार गोठून बसलेलं.
केमीहून तोर्निओ, पंचवीस किलोमीटर,
एका वापरलेल्या अँप्लिफायरसाठी.
बायकोनं एवढंच विचारलं, "आधीच्या तिघांना काय झालं?"
म्हटलं, काही झालं नाही.
तेच तर.

आम्ही गुरुवारी जमतो, अग्निशमन केंद्राच्या तळघरात.
युर्कीकडे चौदा पेडलं, सगळी एका फळीवर.
त्यांचे दिवे लागले की
नाताळातलं एखादं छोटं गाव वाटतं,
फक्त त्या गावात कुणी राहत नाही.
आर्वोकडे एकच गिटार, प्लायवुडची,
मानेपाशी तडकलेली, कागद गिरणीतल्या गोंदानं जोडलेली.
तो म्हणतो, सूर बोटांत असतो.
युर्की म्हणतो, बोटं वापरलेली मिळत असती
तर तीही घेतली असती.

मग वाद. थोर कोण?
मिनिटात हजार सूर सांडणारा,
की एकच सूर धरून
पाहुण्याला फाटकापर्यंत सोडावं
तसा सोडणारा?
दोन तास वाद, वीस मिनिटं वाजवणं.
कॉफी.

दार हिल्कानं उघडलं.
पायांत लोकरीचे मोजे, हातात किंमत लिहिलेला कागद.
"ताउनोचा," ती म्हणाली.
क्रियापद नव्हतं, तरी काळ कळला.

भिंतीवर चार खुंट्या, तीन रिकाम्या.
चौथीवर टोपी.
अँप्लिफायर खिडकीखाली, बावीस किलो.
आतल्या काचेच्या नळ्या तापायला वेळ घेतात;
आम्ही दोघं उभ्यानं बघत राहिलो,
शेगडीवरल्या दुधाकडे बघावं तसं.

"वाजवून बघा. मला त्यातलं कळत नाही."

वाजवलं. एका गाण्याची सुरुवात. मग दुसऱ्याची.
तिसरं ते, जे दुकानात शिरलेलं प्रत्येक पोरगं वाजवतं
आणि विक्रेता डोळे मिटून घेतो.
चौथं. चौथ्यात माझी करंगळी अडते,
म्हणून पाचवं.

"आणि पुढचं?"
"पुढचं काय?"
"हे झालं की काय येतं?"

बावन्न वर्षांचा आहे मी.
अकराव्या वर्षापासून वाजवतोय.
बोटांना असे घट्टे की
भट्टीतला ट्रे फडक्यावाचून काढतो.
एकतीस गाण्यांचे मुखडे येतात मला.
अंतरा एकाचाही नाही.

हिल्का हसली नाही.
"त्यालाही नव्हता येत.
सव्वीस वर्षं ह्या भिंतीपलीकडे
मी भांडी घासली, पोरीचे केस विंचरले,
कुत्रं गेलं त्या दिवशी नुसती बसून होते,
आणि इकडून सुरुवाती.
आत्ता येईल पुढचं, आत्ता येईल,
की हा थांबायचा, कुठलंतरी बटण पिळायचा
आणि परत पहिल्यापासून.
विचारलं एकदा. म्हणाला,
आधी आवाज तर बरोबर लागू दे."

मी बटणांकडे पाहिलं.
प्रत्येकाभोवती पेन्सिलीच्या खुणा,
खोडलेल्या, पुन्हा केलेल्या,
एकेक गडद.
लागला का शेवटी, हे विचारलं नाही.

"ते चौथं घ्या परत. अडलं ते."
घेतलं. अडलं.
आणि अडलं तिथूनच तिनं
ओठ न उघडता, नाकातल्या नाकात,
पुढचं गुणगुणलं.
रेडिओवर ऐकलं असेल.
किंवा वाट बघून बघून पाठ झालं असेल.
मी तारांवर चाचपडलो: दोन सापडले, तिसरा चुकला,
तिनं मान हलवली, पुन्हा.
एकूण आठ सूर. कॉफी गार झाली.

किंमत तिनं कमी केली नाही.
मीही मागितलं नाही.
दारात एक डबी दिली, खोकल्याच्या गोळ्यांची,
आत पिकं; एक जुन्या बँककार्डातून कापलेलं,
त्यावर आडनावाची शेवटची तीन अक्षरं.

ते धूड शेजारच्या सीटवर ठेवलं
तर गाडी बोंबलायला लागली:
कुणीतरी बसलंय, पट्टा नाही.
पुलाच्या अलीकडे थांबलो,
हातमोजे काढून त्याला पट्टा लावला.
मग ती गप्प.
मी आठ सूर गुणगुणत केमीपर्यंत आलो,
सातव्याला दर वेळी
जरासा खाली.