आडवी

तासगाव रस्त्याला, बोरजाईवाडीच्या बेदाणा शेडवर
आम्ही बावीस जणी.
हिरवा इकडं, पिवळा तिकडं, काळा खाली घमेल्यात.
मान वर न करता
दिवसभर निवडतो.
त्यामुळं शाळेत त्या दिवशी
दोन बाटल्यांचा कागद हातात देऊन
"मावशी, नीट बघून शिक्का मारा" असं
मास्तर म्हणाला, तेव्हा
हिरा ऐवळे त्याच्या तोंडावरच हसली.
"निवडायचं आमाला शिकवतोस व्हय रं?"

एक उभी, एक आडवी.
बाकी काही लिहिलेलं नव्हतं, बरं झालं.
सुबाक्का चौगुलेंच्या घरात कुणी थेंब घेत नाही,
तरी त्या कमरेचा पट्टा बांधून आल्या.
म्हणाल्या, बस्तीकडचा रस्ता माझा बी हाय की.
रोशनबी शिकलगारनं सासूला
पोराच्या गाडीवर मधी बसवून आणलं.
म्हातारीला दिसत नाही.
कागदावर बोट फिरवून तिनं विचारलं,
"निजलेली कुठली?"

न आलेलीचं मत उभीच्याच पदरात, असा नियम.
म्हणजे माडीवरची बाळंतीण,
पुण्याला लेकीकडं गेलेली मगदुमाची मालन,
आणि मरून दोन वर्षं झाली तरी यादीत जिवंत असलेली तानुबाई,
सगळ्या दुकानदाराच्या बाजूच्या.
एवढ्या सगळ्यांना पुरून उरून
संध्याकाळी फळ्यावर खडूनं आकडा पडला.
यादीत एक हजार अठ्ठ्याऐंशी.
आडवी, सहाशे एकोणसाठ.
गुलाल कुणी आणलाच नव्हता.
मग हिरानं डब्यातनं हळद आणली.

शटर पडलं. कुलपावर लाख.
बोटाच्या कातडीवरची शाई आठवड्यात गेली,
नखावरची राहिली.
नख वाढेल तशी ती वर सरकायची.
भाकरी थापताना दिसायची, बेदाणा चाळताना दिसायची.
टोकाला बारीक कोर उरली होती
तेव्हा मुंबईहून कागद आला.

गाव आता गाव नाही, कागदात होतं.
नगरपंचायत झाली.
सबब, ग्रामपंचायतीच्या हद्दीत झालेलं मतदान
आता कुठल्याच हद्दीत झालेलं नाही.
सुबाक्कांनी दोनदा वाचायला लावलं.
"मग त्या दिवशी आमी हुतो कुठं?"

साहेब आले. चौकात खुर्च्या, वर मंडप.
"माता-भगिनींच्या भावनेचा मला आदर आहे,
पण..."
आणि त्या पणवर एवढा वेळ थांबले
की माईकवाल्यानं वायर हलवून बघितली.
कायदा सभागृहात होतो, म्हणाले,
शाळेच्या व्हरांड्यात होत नाही.
पुन्हा घेऊ मतदान, वॉर्डावार. नियम यायचेत.

त्याच व्हरांड्यात, त्याच फळ्याखाली
साहेबांना सुद्धा मतं पडली होती,
गाव अजून गाव होतं तेव्हा.
ती मतं मात्र हद्दीतच राहिली.
हे मी तिथं बोलले नाही.
बोलायला पाहिजे होतं.
माझ्या शेजारी सरपंचाची बायको बसली होती,
ती आता नगराध्यक्षाची बायको आहे.

सोमवारी शटर वर गेलं, सकाळी दहाला.
मी नख कापलं. कुठंतरी कोंबड्यांत पडलं.

मंगळवारी शेडवर गेले
तर रोशनबीनं पाण्याची बाटली
बूच घट्ट लावून टेबलावर आडवी ठेवलेली.
मग हिरानं आपली ठेवली.
जेवायच्या सुट्टीपर्यंत
बावीस बाटल्या, बेदाण्याच्या ढिगांमधनं निजलेल्या.
मुकादम येरझाऱ्या घालून थांबला.
"का गं, उभ्या ठेवायला काय झालं?"
"बूड वाकडं हाय त्यांचं," सुबाक्का म्हणाल्या.
कुणी हसलं नाही.
हिरवा इकडं, पिवळा तिकडं.

जाताना मुकादमच बोलला,
पुढच्या साली साहेब परत उभे राहणारेत म्हणं.

हिरानं घमेल्यातला एक काळा मणी उचलला,
उजेडात धरून बघितला.
"राहू देत की," म्हणाली.