उशी

न्खाटा बेच्या काठावर
तिवोंगे दिवे मोजते आहे.
सरोवरात अकरा होड्या, अकरा कंदील.
म्वेरा वारा सुटल्यापासून दहाच.

पुन्हा मोजते. दहा.
चुलीवर मक्याची उकड थिजलेली,
धाकटीचा ताप उतरलाय, तेवढं एक बरं.

प्रार्थनेला शब्द सापडत नाहीत.
आठवतं एवढंच :
त्या वादळात तोही होडीतच होता,
आणि झोपला होता,
डोक्याखाली उशी घेऊन.

उशी! कुणी दिली असेल?
कुणाच्या तरी बायकोनेच,
घरून निघताना.

तिला हसू येतं, अवेळी.
अंगावरचं चितेंजे गुंडाळून
ती उशाला घेते.
भीती कुठे जात नाही,
शेजारीच कलंडते
दमलेल्या पोरासारखी.

उरलेली मोजणी
तेव्हा झोपला होता
त्याच्याकडे.