पान नऊ

लग्नाआधीच्या वर्गाची पुस्तिका
मी मराठीत आणतेय.
फादर अनास्तास म्हणाले, सोपं कर,
चेंदणीतल्या पोरापोरींना कळलं पाहिजे.
पान नऊवर अडले. नातुरा.

निसर्ग लिहिलं तर लोक डबा बांधून येऊरला निघतात.
प्रकृती लिहिलं तर विचारतात, कुणाची? आता बरी आहे ना?
स्वभाव म्हटलं,
तर आई स्वयंपाकघरातूनच: त्याला औषध नाही.

फादर सांगतात, बी कशासाठी? झाडासाठी.
डोळा बघायला, जीभ खरं बोलायला.
जे ज्यासाठी घडलं, ते त्याचं नातुरा. लिही.
लिहिते.
पिशवीत पाचपाखाडीच्या दवाखान्याची फाइल,
तिसऱ्या खेपेचा खर्च, मार्कुसने पेन्सिलीने मांडलेला.
पुढचं उदाहरण फादरनी दिलं नाही.
मीही विचारलं नाही.

संध्याकाळी कोपरीच्या खाडीपर्यंत चालत गेलो.
ओहोटी. चिखलातून वर आलेली तिवरांची मुळं,
बोटाबोटाएवढी, हजारो,
प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेली.
मूळ खाली जातं ना, फादर?
मुळाचा धर्मच तो.
ते बराच वेळ चपलेचा चिखल दगडावर पुसत राहिले.
मग म्हणाले, खाली हवा नसते गं यांना.
आणि पुन्हा, थोड्या वेळाने,
मला वनस्पतीशास्त्र नव्हतं.

रात्री पान नऊवर लिहिलं: धर्म.
पाण्याचा असतो, विस्तवाचा असतो, तसा.
फादर खोडतील बहुतेक,
आपल्याकडे तो शब्द दुसऱ्याच कामाला लागलाय.
पेन्सिलीनेच लिहिलाय.