जिवंत दगड, दहा किलो

गिट्टीखदानात राहून दगड विकत आणला,
तोही चेन्नईहून, विमानानं,
यावर धकाते काकू आठवडाभर हसल्या.
"काऊन बापा, आपल्याकडचे संपले का?"

संपले नाहीत. आजोबांनी फोडलेली गिट्टी
काटोल रोडखाली अजून आहे.
आमचा दगड काळा. हातोडी मारली
तर भांड्यासारखा वाजतो,
आत कुणी राहत नाही.

हा किलोवर मिळतो, भाजीसारखा,
आणि भाजीसारखाच पाणी मारून जड केलेला.
फोनवरचा सेल्वम म्हणाला,
चार वर्षं खाऱ्या पाण्यात टांगून ठेवतो,
मग त्यात वस्ती होते.
वस्ती, हाच शब्द, हिंदीत अडखळत.
मी तिथंच पैसे पाठवले.

मे महिना. पारा सेहेचाळीस.
कूलरची कामं एवढी की जेवण उभ्यानं.
शुक्रवारी निघालेलं खोकं
सोनेगावच्या कार्गोत रविवारी सापडलं,
लग्नाच्या साड्यांच्या गठ्ठ्याला टेकून.
बाबूनं नाक दाबून सही घेतली.
"मासोळी हाय का?"
"दगड हाय."
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पावतीकडे.

थर्माकोल उघडला. वर ओली वर्तमानपत्रं,
तमिळ अक्षरं, गोल गोल, शाई सुटलेली.
कुणाची तरी निधनवार्ता दगडाला चिकटून आली होती:
मिशा, कपाळावर विभूती, भोवती हार.
ती मी सावकाश सोडवली
आणि दोरीवर वाळत घातली.
का, ते विचारू नका.

मग वास.
मी समुद्र पाहिलेला नाही.
एकदा निघालो होतो, भुसावळहून परत आलो.
तेजलनं ओढणी नाकाला लावून विचारलं,
"बाबा, समुद्र असा असते?"
हो म्हणालो. काय सांगणार.

गच्चीवर जुन्या कूलरची फायबरची टाकी, धुऊन घासून,
त्यातलाच पंप.
मीठ बादलीतलं, दोन हजारवालं; मंदाला अडीचशे सांगितलं.
बाटल्यांत बर्फ गोठवून दर तीन तासांनी एक सोडायची.
टूथब्रशनं मेलेलं खरवडलं:
बुळबुळीत पांढरं काहीतरी, काळा पडलेला स्पंज,
नखाएवढा एक खेकडा, मेला तरी
नांगी उगारलेली, कुणावर कोण जाणे.
अमोनियाची नळी रोज हिरवी, रोज जास्त हिरवी.
सेल्वम म्हणाला, मरायचं ते मरू द्या.
त्याच्यावरच उरलेले जगतात.
घाईनं काही फेकू नका.
दगडाबद्दलच बोलत होता, बहुतेक.

लाइन गेली एका रात्री, पावणेतीनला.
पंप थांबला तशी मला जाग आली.
मी मगानं पाणी उचलायचो, वरून सोडायचो,
उचलायचो, सोडायचो.
मंदा वर आली. कठड्याला टेकून बराच वेळ काही बोलली नाही.
"पोरीला टायफॉइड झाला तवा घोरत होता तुम्ही."
खरं होतं.
मग तिनं माझ्या हातातून मग घेतला
आणि खाली बसली.
चार वाजता दिवे आले तरी ती थांबेना.

चौतिसाव्या दिवशी नळी पिवळी.
रात्री टॉर्चला लाल कागद बांधून पाहिलं
तर एका भोकातून केसाएवढा हात बाहेर,
चाचपत, पाण्याची चव घेत.
दुसऱ्या भोकात काहीतरी टक् वाजलं.
थांबलं. पुन्हा टक्.
पावतीवर ह्यांची नावं नव्हती.

धकाते काकूंना बोलावलं.
गुडघे धरत जिना चढल्या, वाकल्या,
चष्मा पाण्यात पडता पडता वाचला.
हसतील म्हणून मी तयारीत होतो.
बराच वेळ त्या भोकाकडे बघून म्हणाल्या,
"भाडं देतात का गा हे लोक?"

तो मिशावाला आता माझ्या अवजारपेटीत आहे,
बुशिंगच्या डबीखाली, चार घड्या घालून.
नाव खाली मोठ्या अक्षरांत दिलंय.
मला वाचता येत नाही.